नालंदाची वीट आणि आयुकाचं कुंड

महामार्गाने जाताना नवं विद्यापीठ लांबूनच ओळखू येतं. एक तर निळ्या काचेचा ठोकळा असतो, नाहीतर काँक्रीटच्या ठोकळ्याला पुढून किल्ल्याचा दरवाजा, दोन बुरूज आणि वर फायबरचे कळस लावलेले असतात. पहिल्यात शिरलं की आपण विदर्भात आहोत की दुबईत हे कळत नाही. दुसऱ्यात शिरताना आपण चुकून मंगल कार्यालयात तर आलो नाही ना, असं वाटतं. गंमत म्हणजे दोन्ही इमारती आतून सारख्याच असतात. मध्ये अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना वर्ग, भर दिवसा ट्यूबलाइट आणि गच्चीवर एसीच्या यंत्रांची रांग.

नवं बांधकाम आणि त्या जागेचा वारसा यांची सांगड घालायची म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न त्यामुळे बहुतेक ठिकाणी दर्शनी भिंतीवरच अडतो. पण काही आवारांत तो भिंतीच्या आत गेला आहे.

जुन्या वास्तूकडून दोन गोष्टी घेता येतात. एक तिचा चेहरा आणि दुसरी तिची सवय. वाईतला एखादा जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. कोरीव महिरपी, नक्षीदार खांब, दारावरची गणेशपट्टी, हा झाला चेहरा. मधला चौक, चौकाभोवतीची ओसरी, मातीच्या जाडजूड भिंती, ही सवय. दुपारचं ऊन बाहेरच्या भिंतीवर पडलं तरी त्याची धग आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोवर दारं-खिडक्या उघडून ती बाहेर घालवता येते. चौकातून उजेड सगळीकडे जातो, ऊन मात्र थेट खोलीत येत नाही. शिवाय घरातल्या कुणालाही कुठेही जायचं तर ओसरीवरून जावं लागतं, म्हणजे माणसं एकमेकांच्या नजरेला पडतात. विद्यापीठाच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट लाखमोलाची आहे. वर्गात जे शिकवलं जातं त्याच्या निम्मं शिक्षण वर्गाबाहेरच्या पायरीवर होतं, हे कॉलेजात गेलेल्या प्रत्येकाला माहीत असतं.

चेहरा उचलणं स्वस्त आणि सोपं आहे. फोटो दाखवला की कंत्राटदार साचा करून देतो. सवय उचलायची तर आधी ती समजून घ्यावी लागते.

बिहारमधल्या राजगीरला उभ्या राहिलेल्या नव्या नालंदा विद्यापीठात ती कशी समजून घेतली, ते बघण्यासारखं आहे. जुनं नालंदा पाचव्या शतकात गुप्त राजा कुमारगुप्ताच्या काळात सुरू झालं आणि बाराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे सुमारे सातशे वर्षं चाललं. सातव्या शतकात चीनहून आलेला ह्युएन त्संग इथे शिकला. आज तिथे विटांचे अवशेष आहेत आणि २०१६ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. त्यांचा नकाशा शाळकरी पोरालाही कळेल इतका सरळ आहे. मधून एक उत्तर-दक्षिण वाट. एका अंगाला विहारांची रांग, दुसऱ्या अंगाला मंदिरं. प्रत्येक विहार चौकोनी, आत मोकळा चौक, चौकाभोवती ओसरी आणि ओसरीच्या मागे भिक्षूंच्या खोल्या. पाण्याला विहीर, सांडपाण्याला गटार. वाड्यात वाढलेल्या माणसाला तिथे काही फार परकं वाटणार नाही.

नव्या विद्यापीठाचा कायदा संसदेत २०१० साली झाला, वर्ग २०१४ साली राजगीरमध्ये तात्पुरत्या जागेत भरू लागले आणि नव्या आवाराचं उद्घाटन १९ जून २०२४ रोजी झालं. आवार ४५५ एकरांचं, राजगीरच्या डोंगरांच्या पायथ्याशी, अवशेषांपासून सुमारे १२ किलोमीटरवर. आराखडा केला अहमदाबादच्या वास्तुशिल्प या संस्थेने, म्हणजे बाळकृष्ण दोशींच्या कार्यालयाने. दोशी मूळचे पुण्याचे. १९२७ साली तिथे, फर्निचरचा व्यवसाय असलेल्या कुटुंबात जन्मले, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, पॅरिसला नामवंत वास्तुकार ल कॉर्बुझिएंच्या हाताखाली काम करून आले आणि मग अहमदाबादचे झाले. प्रिट्झकर हे वास्तुकलेतलं सर्वोच्च मानलं जाणारं पारितोषिक २०१८ साली मिळालेले ते पहिले भारतीय. उद्घाटनाच्या सुमारे दीड वर्ष आधी, जानेवारी २०२३ मध्ये ते गेले.

नाव नालंदा, जागा राजगीर, पैसा सरकारी. घुमट, स्तूप आणि धर्मचक्र यांची रेलचेल करायला याहून चांगली संधी कुठे मिळणार होती? ती त्यांनी घेतली नाही. अवशेषांमधून त्यांनी वीट, रुंद पायऱ्या, चौक आणि आवाराला बांधून ठेवणारी मधली वाट घेतली. लांबून बघितलं तर तिथल्या भव्य विटांच्या पायऱ्यांनी अवशेषांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या मंदिराची आठवण होते, पण त्या चढून गेल्यावर समोर कुठलं खोटं मंदिर येत नाही. त्या पायऱ्यांवर बसता येतं, एवढाच त्यांचा उपयोग.

खरं काम पाण्याचं आहे. आवारात सुमारे १०० एकर जागा तळ्यांना दिली आहे. ४५५ एकरांतले १०० एकर पाण्याला, असं आपल्याकडच्या एखाद्या संस्थाचालकाला सांगून बघा! पण दक्षिण बिहारचा, म्हणजे जुन्या मगधाचा स्वभाव माहीत असेल तर ही उधळपट्टी वाटत नाही. तिथल्या नद्या दक्षिणेच्या पठारावरून उतरतात, पावसाळ्यात दोन-तीन महिने धावतात आणि मग कोरड्या पडतात. म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी आहर-पइन नावाची व्यवस्था बसवली. पइन म्हणजे नदीतून काढलेला पाट. आहर म्हणजे उताराच्या जमिनीवर तीन बाजूंनी मातीचा बांध घालून केलेलं उथळ तळं, चौथी बाजू चढाकडे उघडी. पावसाचं पाणी त्या उघड्या बाजूने आत येतं, नदीचं पाणी पइनमधून येतं, आणि भाताला लागेल तसं सोडलं जातं. आपल्याकडे खानदेशात बंधाऱ्यावरून पाट काढून फड, म्हणजे शेतांचे गट, भिजवण्याची पद्धत होती, तिची ही लांबची बहीण. नव्या आवाराने पाण्याचा आराखडा या आहर-पइनवर बेतला. पावसाळ्यात आवारात पडलेलं पाणी आवारातच थांबवायचं आणि पुढे वर्षभर पुरवायचं.

तळी खोदायची म्हणजे माती निघणार. त्या मातीचं काय करायचं? विटा. पण भाजलेल्या नाहीत. माती चाळायची, तिच्यात थोडं सिमेंट मिसळायचं, यंत्रात जोराने दाबून ठोकळा काढायचा आणि काही आठवडे पाणी मारून तो पक्का होऊ द्यायचा. याला भट्टी लागत नाही, म्हणून कोळसा जळत नाही, आणि ट्रकने लांबून विटा आणाव्या लागत नाहीत. इथे एक बारीकशी गोष्ट मला फार आवडते. जुन्या नालंदाची वीट भट्टीत भाजलेली होती. म्हणजे नव्यांनी विटेची हुबेहूब नक्कल केली नाही. जे पायाखाली आहे त्यानेच बांधायचं, एवढी जुनी सवय ठेवली आणि भट्टी गाळली.

थंडाव्याची गोष्ट थोडी समजावून सांगावी लागेल. आपल्या घरचा वाळ्याचा कूलर नागपुरात मे महिन्यात झकास चालतो आणि जुलैत नुसता दमटपणा वाढवतो. कारण पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते, पण हवा आधीच ओली असेल तर वाफ होणार कशी? मुंबईत कूलर कुणी घेत नाही ते याचसाठी. बिहारमध्ये दोन्ही आहेत, कोरडा मे आणि ओला ऑगस्ट. म्हणून नालंदाला अशी यंत्रणा वापरली, की जी आधी ओलावा शोषणाऱ्या द्रव्यातून हवा कोरडी करून घेते आणि मग पाण्याच्या बाष्पीभवनाने ती गार करते. जाड भिंतींमुळे आत येणारी उष्णता मुळातच कमी, म्हणून हे भागतं. काचेच्या ठोकळ्यात हीच यंत्रणा लावली असती तर ती धापा टाकत बसली असती. भिंतीची जुनी सवय आणि नवं यंत्र यांची जोडी इथे जमली आहे, आणि दोघांपैकी एकट्याने हे काम झालं नसतं. सौर वीज आणि सांडपाण्याचा पुनर्वापर यांच्या साथीने आवाराला जितकी ऊर्जा लागते तितकी तिथेच तयार व्हावी, असं उद्दिष्ट आहे.

सगळंच जमलं आहे असं मात्र नाही म्हणणार. ४० वर्गखोल्या, त्यांत सुमारे १९०० जणांची बसायची सोय, प्रत्येकी ३०० आसनांची दोन सभागृहं, ५५० विद्यार्थ्यांचं वसतिगृह, आणि हे सगळं ४५५ एकरांत. जुने विहार एकमेकांना खेटून उभे होते. एका चौकातली चर्चा शेजारच्या चौकात ऐकू जात असेल. नव्या आवारात झाडं मोठी होईपर्यंत मे महिन्याच्या उन्हात एका इमारतीतून दुसरीकडे चालत जाणं ही शिक्षाच. भव्यतेचा हा सोस आपल्या सगळ्याच नव्या सरकारी संस्थांना आहे. दाटीवाटी हीसुद्धा वारशातली एक सवय होती, हे आराखड्यावर बसलं की विसरायला होतं.

कायद्याबद्दल एक गोष्ट जाता जाता. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी घ्यावी लागते, असं २०१० च्या दुरुस्तीपासून केंद्राचा कायदा सांगतो. एवढं अंतर राखलं की पुढे काय बांधायचं याबद्दल हा कायदा गप्प आहे. नालंदाचं आवार तर १२ किलोमीटरवर. म्हणजे तिथे जे केलं ते कुणाच्या सक्तीने केलं नाही.

आता घराजवळ येऊ. पुणे विद्यापीठाच्या आवारात दोन इमारती मुद्दाम एकाच दिवशी बघाव्यात. पहिली मुख्य इमारत. १८६४ ते १८७१ या काळात मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरसाठी जेम्स ट्रबशॉने बांधलेली, इटालियन धाटणीची, उंच मनोऱ्याची. विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं. आज ही इमारत म्हणजे पुण्याचा वारसा, पण बांधली तेव्हा ती इथल्या मातीत पूर्ण परकी होती. मुंबईतही तेच. फोर्टमधली विद्यापीठाची इमारत आणि राजाबाई टॉवर यांचा आराखडा गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुकाराने लंडनमध्ये बसून केला. तो मुंबईला कधी आलाच नाही. तरी आज मुंबईकराला तो टॉवर परका वाटतो का? 'स्थानिक' या शब्दाला मुदत असते. दीडशे वर्षं एखादी गोष्ट नजरेसमोर राहिली की ती आपलीच होते. म्हणून 'आपली परंपरा हीच' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांकडे मी जरा सावधपणे बघतो.

दुसरी इमारत आयुका. जयंत नारळीकरांनी १९८८ साली उभी केलेली ही खगोलशास्त्राची संस्था, आराखडा वास्तुकार चार्ल्स कोरियांचा. मध्यभागी पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जाणारं चौकोनी कुंड आहे. साताऱ्याजवळच्या लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीपासून गावोगावच्या बारवांपर्यंत ज्यांनी पायऱ्यांची विहीर बघितली आहे त्यांना हा आकार ओळखीचा वाटेल. फक्त इथे पाण्याऐवजी हिरवळ आहे आणि चारी दिशांना न्यूटन, आइन्स्टाइन, गॅलिलिओ आणि आर्यभट्ट यांचे पुतळे. भिंती काळ्या. खाली इथलाच खडबडीत बेसॉल्ट, त्यावर त्याहून काळा कडप्पा आणि सगळ्यांत वर चकचकीत काळा ग्रॅनाइट, ज्यात आकाश आणि ढग दिसतात. काळ्यावर काळं, त्यावर काळं. अवकाशाचा अंधार दाखवायला कोरियांनी डेक्कनचा दगड वापरला. विषय विश्वाचा, दगड सह्याद्रीचा!

कोरियांनी तिथे वाड्याची कमान लावली नाही की मंदिराचं शिखर चढवलं नाही. पण दर वर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, संस्था लोकांसाठी खुली होते तेव्हा त्या कुंडाकडे बघा. आईबाप पायऱ्यांवर टेकलेले, पोरं आर्यभट्टाच्या भोवती पळतायत, कुणीतरी डबा उघडला आहे. कुंडाची सवय लोकांना कुणी शिकवावी लागली नाही.

वारशाचा आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे सामान. चीनमधल्या हांगचौला वांग शू या वास्तुकाराने कला अकादमीचं शियांगशान आवार बांधलं. त्या काळात तिकडे जुनी गावं आणि वस्त्या धडाधड पाडल्या जात होत्या. वांग शूने त्या पडक्या घरांची वीस लाखांहून जास्त कौलं आणि विटा गोळा करून नव्या इमारतींच्या छपरांना आणि भिंतींना वापरल्या. इमारतींचे आकार अगदी आजचे आहेत, अंगावरची कौलं मात्र आजोबांची. २०१२ साली त्यांना प्रिट्झकर मिळालं. हे वाचलं की पुण्याच्या पेठांमधले वाडे आठवतात. वाडा पडला की सागवानी खांब आणि तुळया जुन्या लाकडाच्या वखारीत जातात, आणि तिथून कुणाच्या तरी फार्महाउसवर किंवा हॉटेलात शोभेला. एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ते का जात नाहीत?

त्याचं उत्तर कल्पनेच्या दारिद्र्यात नाही, टेंडरच्या कागदात आहे. सरकारी बांधकामाचा अंदाज सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीवरून निघतो. सिमेंट, सळई, भाजलेली वीट, फरशी यांचे दर त्यात छापलेले असतात. दाबलेल्या मातीची वीट किंवा जुनं सागवान वापरायचं म्हटलं की त्याचं वेगळं दर-विश्लेषण करा, ते मंजूर करून घ्या, उद्या ऑडिटवाला विचारेल त्याला तोंड द्या. अभियंत्याने ही उठाठेव का करावी? शिवाय काम सगळ्यांत कमी बोलीला द्यायचं, चुन्याला वाळायला वेळ लागतो, चुन्याचं काम येणारा गवंडी मिळत नाही आणि जूनमध्ये वर्ग सुरू व्हायचेच असतात. अशा वेळी वारसा म्हणून शेवटी फायबरचा कळस तेवढा परवडतो. दोष देताना हे लक्षात ठेवावं लागतं.

आणि नवी वास्तू स्वतःच वारसा झाली की आणखी नवं संकट उभं राहतं. अहमदाबादच्या आयआयएमचं उदाहरण ताजं आहे. १९६२ साली लुई कान या अमेरिकी वास्तुकाराला दोशींच्या पुढाकाराने बोलावलं गेलं. लाल विटांच्या उंच भिंती, त्यांत कापलेली प्रचंड वर्तुळं, खोल सावल्या. एखाद्या जुन्या शहराच्या गल्लीत उभे आहोत असं वाटावं, पण नेमकी कुठल्याच जुन्या इमारतीची नक्कल नाही. १९७४ साली अहमदाबादहूनच परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकात कान यांचं निधन झालं. पन्नास वर्षांत विटांमध्ये पाणी मुरलं. विटकामात घातलेल्या लोखंडी सळया गंजल्या. गंजलेलं लोखंड फुगतं, आणि फुगलं की आतून भिंत फोडतं. त्यात २००१ चा भूकंप. डिसेंबर २०२० मध्ये संस्थेने १८ पैकी १४ वसतिगृहं पाडायचं जाहीर केलं. जगभरातल्या वास्तुकारांनी गदारोळ केल्यावर २०२१ च्या पहिल्याच दिवशी तो निर्णय मागे घेतला, पण वर्ष-दोन वर्षांत पुन्हा पाडून बांधण्याची भाषा आली. दुरुस्ती अशक्यच होती म्हणावं, तर त्याच आवारातलं ग्रंथालय मुंबईच्या वास्तुकार ब्रिंदा सोमाया यांच्या कार्यालयाने जपून दुरुस्त केलं होतं आणि त्याला २०१९ साली युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला होता. मग वसतिगृहांत मुलांनी गळक्या छताखाली राहावं का? हाही प्रश्न खोटा नाही. माझा कल दुरुस्तीकडे आहे, पण गळकं छत माझ्या डोक्यावर नाही, हेही मान्य करतो.

दुरुस्तीचा हा धागा पुन्हा नालंदाकडे नेतो. आहर-पइन शेकडो वर्षं टिकलं ते मातीच्या बांधांमुळे नव्हे. तिकडे गोआम नावाची प्रथा होती. पइनमध्ये गाळ साचला की तिचं पाणी पिणाऱ्या सगळ्या गावांतून प्रत्येक घरचा माणूस कुदळ-फावडं घेऊन ठरल्या दिवशी येई आणि गाळ उपसला जाई. जमीनदारी गेली, सरकारी कालवे आणि बोअरवेल आले, गोआम विस्कटला आणि पइनी बुजल्या. नव्या आवारात तळी आली आहेत, पाट आले आहेत. गाळ तर त्यांतही दर पावसाळ्यात येणार. फावडं घेऊन येणारी गावं मात्र आता कुंपणाच्या पलीकडे आहेत.